परदेशी हॉस्पिटलात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी: काळजी कुठून येते आणि तिचं काय करायचं

नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, वृद्धांची देखभाल करणारे. हुद्दा कुठलाही असो, परदेशात रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांची तक्रार एकच असते. ड्युटीच्या आदल्या रात्री डोळा लागत नाही. सकाळी पोटात गोळा येतो. शिफ्ट संपवून खोलीवर आल्यावरही डोक्यात चालूच असतं: त्या इंजेक्शनची वेळ मी लिहिली ना? वर्षानुवर्षं आयसीयू सांभाळलेली माणसं नव्या वॉर्डात साधं कॅथेटर घालताना घामाघूम होतात आणि मनाशी म्हणतात, "आपल्याला येत होतं ते गेलं कुठे?"

ते कुठेही गेलेलं नसतं. हात तेच असतात, पण हातांभोवतीचं सगळं बदललेलं असतं: औषधांची नावं, रिपोर्टची एककं, शिरेतून औषध देणाऱ्या पंपाची बटणं, फोनवरचे उच्चार, कोणाला काय विचारलेलं चालतं आणि काय नाही.

अशा वेळी मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ध्यान करा, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा. श्वासाबद्दल मीही सांगणार आहे, पण तो मुद्दाम चौथ्या पायरीवर ठेवलाय. नव्याने आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या काळजीत माहितीच्या तुटवड्याचा वाटा फार मोठा असतो. इथल्या पंपावर पोटॅशियम कसं चालवतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला भीती वाटलीच पाहिजे. त्या भीतीत पेशंटचं हित आहे. ती पंप शिकल्यावरच जाते, डोळे मिटून बसल्याने जात नाही.

पायरी १: काळजीची वाटणी करा

सुट्टीच्या दिवशी एक कागद घ्या आणि मनात जे घोळतंय ते सगळं लिहून काढा. मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: काम, कागद किंवा घर. काम म्हणजे वॉर्डातलं सगळं. कागद म्हणजे व्हिसा, करार, नोंदणी, परीक्षा, कर्ज. घर म्हणजे मागे राहिलेली माणसं. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पण रात्री अंथरुणात ती एकत्र येतात आणि त्यांचा मिळून एकच मोठा धोंडा वाटू लागतो.

"मला इथे जमणारच नाही" अशी ओळ आली असेल तर ती तशीच सोडू नका. ती काळजी नाही, निकाल आहे, आणि निकालावर काही करता येत नाही. गेल्या तीन-चार शिफ्टमध्ये हे नेमकं कधी वाटलं ते आठवा. बहुतेक वेळा उत्तर असं निघतं: रात्री अडीचला डॉक्टरांचा फोन आला आणि त्यांचं बोलणं कळलं नाही. हे लिहा. यावर काम करता येतं.

आणखी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली 'कल्चर शॉक'चे टप्पे मांडले. सुरुवातीला सगळं नवं आणि छान वाटतं, हा काळ काही दिवसांचा असतो किंवा काही महिन्यांचा. मग चिडचिड, निराशा आणि सतत तुलना सुरू होते. हळूहळू माणूस सावरतो आणि रुळतो. प्रत्येकाचं याच क्रमाने होतं असं नाही. पण पहिल्या महिन्यात उत्साहात असलेला माणूस चौथ्या महिन्यात खचला, तर त्याने "मी मागे चाललोय" असा अर्थ काढू नये. हा उतार बऱ्याच जणांच्या वाटेवर येतो.

पायरी २: कामाच्या भीतीसाठी खिशातली वही

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि सर्वांत जास्त उपयोगी आहे. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. तिच्यात पेशंटचं नाव, नंबर, काहीही लिहायचं नाही. बहुतेक देशांत गोपनीयतेचे नियम कडक असतात आणि अशी वही कॅन्टीनमध्ये विसरली तर नोकरीवर बेतू शकतं. वहीत फक्त पद्धती लिहायच्या.

पहिल्या पानावर आणीबाणीच्या वेळी काय करायचं ते लिहा. हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठी टीम कशी बोलवायची, कोणता नंबर फिरवायचा, नेमके कोणते शब्द बोलायचे, आणीबाणीच्या औषधांची ढकलगाडी कुठे असते, ऑक्सिजनचा मुख्य कॉक कुठे आहे. ब्रिटनच्या हॉस्पिटलांत यासाठी २२२२ हा आतला नंबर असतो. तुमच्याकडे दुसरा असेल, भिंतीवरची घंटा असेल किंवा नुसतं बटण असेल. पहिल्याच दिवशी चालत जाऊन ढकलगाडी हाताने उघडून बघा. एकदा कप्पे पाहिलेले असले की रात्रीची निम्मी धास्ती जाते.

दुसरं पान एककांचं. रक्तातली साखर काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काहींत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ने भागलं की मिलिमोल मिळतात, म्हणजे १८० आणि १० ही एकच साखर. क्रिएटिनिनसाठी ८८.४ने गुणायचं: १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे ८८ मायक्रोमोल प्रति लिटर. हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरचं तिकडे १२० ग्रॅम प्रति लिटर होतं. सोडियम-पोटॅशियमचे आकडे मात्र मिलिइक्विव्हॅलंट असोत की मिलिमोल, तेच राहतात. तेवढं एक बरं आहे. तुमच्या मनात "साखर ३ म्हणजे काय?" हा हिशेब चालू असताना पेशंट घामाने निथळत असतो. म्हणून हा हिशेब आधीच पाठ हवा. ३ म्हणजे ५४, आणि ५४ म्हणजे लगेच ग्लुकोज.

तिसरं पान औषधांच्या नावांचं. पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिनला एपिनेफ्रिन, पेथिडीनला मेपेरिडीन. ब्रँडची नावं तर प्रत्येक देशात निराळी. रोज वॉर्डात दिसणारी औषधं मूळ नावाने लिहून काढा. आठवड्यातून पाच-सहा केली तरी दोन-तीन महिन्यांत तुमच्या वॉर्डाची जवळजवळ सगळी होतात.

प्रत्येक शिफ्टनंतर वहीत एक ओळ वाढवायची: आज काय अडलं आणि त्याचं उत्तर कोणी दिलं. उत्तर देणाऱ्याचं नावही लिहा. महिनाभराने पान उलटून पाहिलंत की कळेल, वॉर्डात शांतपणे सांगणारी माणसं दोन-तीनच असतात आणि आपण नकळत त्यांच्याकडेच जातो. पुढची अवघड गोष्ट शिकवायला त्यांनाच सांगा, आणि शक्य असेल तर रोस्टरमध्ये त्यांच्या बरोबरची शिफ्ट मागून घ्या. इन्चार्जला हे सरळ सांगता येतं. नव्या माणसाने असं मागितलं तर कोणालाही गैर वाटत नाही.

पायरी ३: फोन

नव्या माणसाला वॉर्डात सर्वांत जास्त कशाची धडकी भरते, असं कोणी विचारलं तर मी फोन म्हणेन. समोर चेहरा नाही, ओठ दिसत नाहीत, मागे मॉनिटर किंचाळतोय, आणि पलीकडचा माणूस झोपेतून उठलेला आहे.

यावर एक तयार साचा आहे. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून तो आरोग्यसेवेत आला आणि आता जगभर 'एसबार' नावाने शिकवतात: सध्याची परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं निरीक्षण, तुमची मागणी. फोन उचलण्याआधी चार ओळी कागदावर लिहा आणि वाचून दाखवा. हो, वाचूनच. आपण वाचतोय हे पलीकडच्याला कळलं तरी काही बिघडत नाही. उदाहरणार्थ:

"मी सहाव्या वॉर्डातून नर्स बोलतेय. चौदा नंबरच्या पेशंटचं बीपी अर्ध्या तासात १२० वरून ८८ वर आलंय. काल दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालंय. नाडी १२४, हातपाय गार आहेत, ड्रेनमध्ये तासाभरात ३०० मिली ताजं रक्त आलंय. मला रक्तस्राव वाटतोय. तुम्ही आत्ता लगेच येऊन बघावं अशी माझी विनंती आहे. तोवर काय सुरू करू?"

शेवटची तीन वाक्यं नीट पाहा. नवे लोक नेमकी तीच गाळतात. जिथे वरिष्ठांना काही सुचवणं उद्धटपणा समजला जातो अशा व्यवस्थेतून आलेला माणूस आकडे सांगतो आणि गप्प बसतो. निष्कर्ष डॉक्टरांनी काढावा अशी अपेक्षा. पलीकडच्याला वाटतं, हिला फक्त नोंद द्यायची होती. "मला असं वाटतंय" आणि "तुम्ही यावं" हे बोललं की फोन कशासाठी होता ते स्पष्ट होतं. हे कामाच्या भाषेतच घोकून ठेवा, रात्री तीन वाजता वाक्यरचना सुचत नाही.

उलटून आलेला आदेश नेहमी परत म्हणून दाखवा. इंग्रजीत काम असेल तर फिफ्टीन आणि फिफ्टी ही जोडी खास घातकी आहे. सरळ विचारा: "वन-फाइव्ह की फाइव्ह-झिरो?" समजलं नाही तर "माझं इंग्रजी कच्चं आहे" असं म्हणत स्वतःला कमी लेखू नका. "डोस नक्की करून घेते, पुन्हा सांगा" एवढं पुरे. डोस पुन्हा विचारणाऱ्यावर कोणी रागावलं तर तो रागावणाऱ्याचा दोष आहे. डोस न विचारता दिला तर मात्र तो तुमच्या नावावर लागतो.

पायरी ४: शरीर

आता श्वास. भीतीच्या भरात माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, छातीत जखडल्यासारखं होतं. हे सगळं तुम्ही पुस्तकात शिकलेलं असतं, पण स्वतःला झालं की विसरायला होतं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबवायचं, हे महत्त्वाचं.

वॉर्डात वेळ कुठून आणायचा? तो तुमच्याकडे आधीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार सॅनिटायझरने हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, म्हणजे वरच्या हिशेबाने दोन-तीन श्वास. प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात चोळायचेच असतात. तेवढा वेळ पुढच्या कामाचा विचार न करता फक्त श्वास मोजा. कोणाला कळतही नाही, आणि एका शिफ्टमध्ये असे कितीतरी थांबे मिळतात.

पूर्ण पॅनिक अटॅक आला तर तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. सहकाऱ्याला "मला दहा मिनिटं द्या, माझे पेशंट बघा" असं सांगून बाजूला व्हा. बसा, पाय जमिनीला टेकवा, दिसणाऱ्या पाच वस्तू मनात म्हणा, स्पर्शाने जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. मात्र छातीत दुखणं किंवा धडधड पहिल्यांदाच होत असेल तर "हे टेन्शनच असणार" असं स्वतःचं निदान करू नका. तपासून घ्या. थायरॉइड वाढलेला असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तरी धडधड होते.

कॉफीचं गणित करून बघा. कॅफिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. पहाटे तीनला घेतलेल्या कॉफीचा निम्मा भाग सकाळी आठला, म्हणजे तुम्ही झोपायला जाता तेव्हा, रक्तात फिरत असतो. नाइटला कॉफी घ्यायचीच तर शिफ्टच्या पहिल्या भागात घ्या. पहिल्या नाइटच्या आधी दुपारी झोप काढा. दिवसा झोपताना खोली पूर्ण अंधारी ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत. नाइट संपवून स्वतः गाडी चालवत येत असाल तर डोळे मिटायला लागल्याबरोबर गाडी बाजूला घ्या. वीस मिनिटं झोपून मग निघा. झोप अपुरी असताना वाटणारी काळजी खरी किती आणि थकव्याची किती, हे त्या वेळी ठरवता येत नाही. सलग तीन नाइटनंतर राजीनाम्याचा मेल लिहायचा नाही, एवढा नियम पाळा.

अंथरुणात विचारांचं चक्र थांबत नसेल, तर पेन स्टेट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली एक रीत वापरून पाहा. काळजी करायला रोजची ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा नेमायची, अर्धा तास. इतर वेळी विचार आला की "संध्याकाळी सहाला" असं म्हणून एका शब्दात टिपून ठेवायचा. सहाला खरंच बसायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण शिफ्टच्या बेभरवशी वेळापत्रकातही हे बऱ्याच जणांना जमतं. अट एकच: ही जागा बिछाना नसावी.

पायरी ५: कागद

कागदाची काळजी वेगळ्या जातीची असते. ती दिवसा दिसत नाही, पण वॉर्डातल्या प्रत्येक छोट्या गोष्टीला धार लावते. इन्चार्ज जरा तुटक बोलल्या की मन थेट व्हिसापर्यंत पोहोचतं: काढून टाकलं तर? परत जावं लागलं तर? कर्ज कोण फेडणार?

उपाय हाच की त्या "तर"पुढचं उत्तर एकदा शोधून लिहून ठेवायचं. करार काढा आणि हे मुद्दे शोधा: प्रोबेशन किती महिन्यांचं, नोटीस किती, मध्येच सोडलं तर किती रक्कम भरावी लागेल आणि ती दर महिन्याला कमी होते का, जादा तासांचे पैसे कसे, आजारपणाची रजा किती. व्हिसा एका मालकाला बांधलेला आहे का, आणि नोकरी सुटल्यास देशात किती दिवस राहता येतं, हे त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरून वाचा, मेसच्या टेबलावरच्या चर्चेतून नव्हे. नोंदणी आणि परवाना नूतनीकरणाच्या तारखा फोनमध्ये तीन महिने आधीच्या आठवणीसह टाका. पुष्कळदा या "तर"चं उत्तर आपल्या कल्पनेपेक्षा सौम्य निघतं. निघालं नाही, तरी आता ते ठाऊक असतं.

काही गोष्टी मात्र नुसत्या काळजीच्या नाहीत, हक्काच्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली. स्थलांतरित कर्मचाऱ्यांना स्थानिकांइतकेच कायदेशीर हक्क आणि जबाबदाऱ्या असाव्यात असं तिच्यात म्हटलंय. ती ऐच्छिक आहे, तिच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. पण युनियनशी किंवा दूतावासाशी बोलताना कामी येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खासगी भरती एजन्सीने कामगाराकडून शुल्क घेऊ नये हे मूळ तत्त्व आहे, अर्थात तो करार मान्य केलेल्या देशांपुरतं आणि ठरावीक अपवाद सोडून. याच संघटनेने सक्तीची मजुरी ओळखण्याच्या ज्या ११ खुणा दिल्या आहेत, त्यांत ओळखपत्रं काढून घेणं ही एक आहे. तुमचा पासपोर्ट "सुरक्षिततेसाठी" कोणी ठेवून घेतला असेल, तर तुमची अस्वस्थता अगदी रास्त आहे. लेखी मागा, मागितल्याची तारीख जपून ठेवा, आणि आपल्या दूतावासाला कळवा. दूतावासात नाव नोंदवणं हे तर पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यातलं काम.

पायरी ६: घर

घरचे आजारपण लपवतात आणि तुम्ही रडणं लपवता. दोन्हीकडे स्क्रीनवर हसरे चेहरे, आणि फोन ठेवल्यावर दोन्हीकडे शंका: खरं सांगितलं का? यातून बाहेर पडायला एक करार करा. वाईट बातमी ड्युटी चालू असताना सांगायची नाही, पण त्याच दिवशी सांगायची. जिवावरचं असेल तर मात्र थांबायचं नाही, सरळ वॉर्डच्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर आणि तुमच्या शिफ्टच्या वेळा घरी लिहून द्या. बातमी देणारी व्यक्ती एकच ठरवा. असा करार झाला की फोन वाजला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, असं मनाला पटू लागतं.

आईवडील आजारी पडले तर तिकडे हॉस्पिटलात सोबत कोण जाणार, पैसे कोणत्या खात्यातून निघणार, तुम्ही निघायचं कधी, हेही शांतपणाच्या काळात ठरवून ठेवा. तातडीच्या तिकिटाइतके पैसे आधी बाजूला काढा, मग घरी पाठवा. घरच्यांना हे ऐकायला आवडत नाही, तरी सांगा.

एक जाच बाहेरच्यांना कळत नाही. घरातला एक जण परदेशात आरोग्यसेवेत आहे म्हटल्यावर अख्ख्या गोतावळ्याचे रिपोर्ट त्याच्या फोनवर येऊन पडतात. बारा तासांची शिफ्ट करून आल्यावर कोणाच्या तरी मावशीचा ईसीजी बघायचा, आणि बघितला नाही तर राग ओढवून घ्यायचा. "रविवारी सकाळी बघतो, त्याआधी काही झालं तर तिथल्या डॉक्टरांकडे जा" हे ग्रुपवर एकदाच लिहून टाका. फोटोवरून निदान करणं तसंही धोक्याचं आहे.

आणि दोन्ही जगांच्या मधली एक जागा लागते: कामाशी संबंध नसलेलं, समोरासमोर भेटणारं एखादं माणूस. ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, भाषेचा वर्ग, गाण्याचा गट, काहीही चालेल. फक्त आपल्याच भाषेच्या वर्तुळात राहिलात तर आधार मिळतो, पण गप्पा फिरून फिरून वॉर्डावर आणि व्हिसावर येतात.

पायरी ७: चूक झाली, अपमान झाला

चूक झाल्यावर क्रम असा: आधी पेशंट, मग वरिष्ठांना सांगणं, मग नोंद. घटना-अहवालात वेळ आणि घडलेली गोष्ट लिहा. "माझ्या निष्काळजीपणामुळे" असली विशेषणं नकोत. आधीची नोंद मागाहून बदलू नका. भर घालायची तर आत्ताची वेळ टाकून नवी नोंद करा. लेखी जबाब मागितला तर देण्याआधी युनियनशी किंवा व्यावसायिक विमा देणाऱ्यांशी बोला. त्यासाठी सदस्यत्व आधीच घेतलेलं हवं. प्रकरण घडून गेल्यावर सदस्य झालात तर ते त्या प्रकरणात मदत करतीलच असं नाही. डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की चुकीची पहिली झळ पेशंटला बसते आणि दुसरी ती ज्याच्या हातून झाली त्याला. तेव्हापासून 'दुसरा बळी' ही कल्पना रूढ झाली आणि काही हॉस्पिटलांनी अशा कर्मचाऱ्यांसाठी आधाराची सोयही केली. तुमच्याकडे ती आहे का, ते विचारा.

वंश, उच्चार किंवा रंगावरून पेशंट अथवा सहकारी काही बोलला तर त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवा. नोंद मात्र त्याच दिवशीची हवी. गोंधळलेल्या, भ्रमिष्ट अवस्थेतल्या म्हाताऱ्या पेशंटचं बोलणं वेगळं, शुद्धीवर असलेल्या नातेवाइकाचं वेगळं आणि रोज शेजारी काम करणाऱ्याचं वेगळं. तिन्हींना एकच मापदंड लावू नका. पण तिन्हींचा त्रास होतो, हे स्वतःपाशी कबूल करा.

पायरी ८: बाहेरची मदत कधी घ्यायची

स्वतःची चिंता मोजायला एक साधी प्रश्नावली आहे, जीएडी-७. रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ती प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज ५पासून सौम्य, १०पासून मध्यम, १५पासून तीव्र. १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांकडे जायचं, यात घासाघीस नको. ती निदान देत नाही. पण "मला जरा टेन्शन आहे" म्हणण्यापेक्षा "माझा स्कोअर १३ आहे आणि दोन महिन्यांपूर्वी ६ होता" असं सांगितलं की परक्या भाषेतली भेटही नीट पार पडते. स्कोअर कमी असूनही औषधं पुन्हा पुन्हा तपासण्यात शिफ्ट संपत असेल, ड्युटी चुकवायला आजारपणाची रजा निघत असेल, किंवा झोपेसाठी दारू लागत असेल, तरी जा.

आरोग्य कर्मचारी नेमके इथेच अडतात, कारण मनात भीती असते: परवाना जाईल. नियम देशादेशांत वेगळे आहेत, म्हणून तुमच्या नोंदणी परिषदेच्या आरोग्यविषयक प्रश्नांचा मजकूर स्वतः वाचा. अनेक ठिकाणी प्रश्न असा असतो की तुम्ही सुरक्षितपणे काम करू शकता का. उपचार चालू आहेत एवढ्यावरून तिथे कोणी अपात्र ठरत नाही. हॉस्पिटलच्या समुपदेशकाकडे जाणार असाल तर पहिल्या पाच मिनिटांत विचारा: हे बोलणं मॅनेजरपर्यंत जातं का, आणि कोणत्या परिस्थितीत जातं? नीट उत्तर मिळालं नाही तर बाहेरचा डॉक्टर गाठा. आपल्या भाषेतला समुपदेशक व्हिडिओवरही मिळू शकतो.

स्वतःसाठी वॉर्डच्या औषधांच्या कपाटाला हात लावू नका. सहकारी डॉक्टरकडून कॉरिडॉरमध्ये चिठ्ठी लिहून घेणं हेही त्यातच आलं. झोपेच्या आणि चिंतेवरच्या बेन्झोडायझेपाइन गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागू शकते. परीक्षेच्या धडधडीसाठी एकमेकांना दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्याला जिवावर बेतू शकते.

जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नका, त्याच क्षणी बोला. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सॅमॅरिटन्सचा ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा १३ ११ १४, न्यूझीलंडमध्ये १७३७, जर्मनीत टेलिफोनझेलझोर्गेचा ०८०० १११ ० १११. इतर देशांत असाल तर तिथला नंबर आजच शोधून वहीच्या पहिल्या पानावर, कार्डिॲक टीमच्या नंबराखाली लिहा.

उपचार सुरू झाल्यावर एक व्यावहारिक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नोकरी बदलून दुसऱ्या देशात जाताना किंवा सुट्टीवर निघताना काही चिंताविरोधी आणि झोपेची औषधं नियंत्रित यादीत असतात, आणि परवानगीशिवाय नेली तर विमानतळावर अडवलं जातं. निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर यादी बघा. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि डॉक्टरांचं पत्र मूळ औषधाच्या नावासह सोबत घ्या. औषध संपत आलंय म्हणून ते मध्येच, एकदम बंद करू नका; नव्या ठिकाणी डॉक्टरांची पहिली भेट मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात, तेवढ्या दिवसांचा साठा निघण्याआधीच लिहून घ्या.